दुकानातलं वर्ष लपवतोस कशाला?

प्रश्न : मी उदगीरचा. 2024 मध्ये मेकॅनिकलचा बी.ई. झालो. चाकण-भोसरीकडे तीन मुलाखती दिल्या. तिन्हीकडे 'कळवतो' म्हणाले, कुणी कळवलं नाही. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की पाठ केलेलं इंग्रजी अर्ध्यावर अडतं. मागच्या वेळी साहेबांनी हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला, तोही घाबरून चुकीचा वाचला. मधलं एक वर्ष वडिलांच्या मोटर रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळायच्या) दुकानात गेलं, पण मित्राच्या सांगण्यावरून रेझ्युमेत 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं लिहिलंय. पगाराचं विचारलं तर काय सांगावं? शिवाय एक कन्सल्टन्सीवाला 'नोकरी पक्की' म्हणून 5,000 रुपये मागतोय. – एक वाचक, उदगीर

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. भोसरीत क्वालिटी विभागात मी 28 वर्षं काढली, त्यातली निम्मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे. तुझं पत्र वाचून त्या मित्राचा राग आला. सगळ्या रेझ्युमेत विचारण्यासारखं एकच वर्ष होतं, तेच त्यानं पुसायला लावलं!

अरे, स्पर्धा परीक्षा लिहिलंस की समोरचा विचारणार कुठली, किती गुण पडले, परत देणार का. तिथं तू गप्प. आणि मनात तो म्हणतो, हा पोरगा चार महिन्यांत पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसेल. त्याऐवजी 'वडिलांच्या दुकानात एक वर्ष मोटर दुरुस्ती' एवढंच लिही. मी असते तर पहिला प्रश्न विचारला असता, पाच एचपीची मोटर जळून आली तर का जळाली हे कशावरून ओळखतोस? आता हे तुला पाठ करावं लागेल का? स्टार जोडणीत (तिन्ही फेजच्या कॉईलची एकेक टोकं एकत्र जोडलेली) तीनपैकी एका फेजचा पुरवठा गेला असेल तर दोन फेजच्या कॉईल काळ्या पडतात आणि तिसरीच्या जशाच्या तशा राहतात. सगळंच वायंडिंग सारखं करपलं असेल तर लोड जास्त झाला असेल, पंप जाम असेल. हे पुस्तकात वाचलेला मुलगा एका वाक्यात संपवतो. तू मात्र शेतकरी मोटर कशी घेऊन येतो, उघडल्यावर वास कसा येतो इथपासून सांगशील, आणि टेबलापलीकडची माणसं पुढं सरकून ऐकतील.

इंग्रजी तिथंच सुटेल. पहिली दोन-तीन वाक्यं इंग्रजीत बोल, अगदी साधी. अडलास तर 'सर, हे मराठीत सांगू का?' असं सरळ विचार. आमच्याकडच्या कारखान्यांत निम्मं काम मराठी-हिंदीतच चालतं. निर्यातीच्या किंवा डिझाइनच्या जागांना मात्र इंग्रजी लागतंच, ते खोटं कशाला सांगू.

आता व्हर्नियर. आकडा बरोबर येतो की नाही हे आम्ही नंतर बघायचो, आधी हात बघायचो. एकदा एका मुलीला 6205 बेअरिंग दिलं होतं. तिनं रुमालानं जबडे पुसले, मिटवून उजेडाकडे धरून शून्याला शून्य जुळतंय का बघितलं आणि मग बाहेरचा व्यास घेतला, 52 मिमी. आतला घेताना जबडे किंचित हलवून सगळ्यात मोठं माप धरलं, 25. तिची निवड माझ्या मनात तिथंच झाली होती. वाचनात काही जादू नाही. मुख्य पट्टीवर 23 झाले आणि व्हर्नियरची 17 वी रेघ जुळली, तर एका रेघेचे 0.02 मिमी धरून 17 गुणिले 0.02 म्हणजे 0.34, एकूण 23.34 मिमी. दुकानात व्हर्नियर असेलच. आठवडाभर रोज दहा शाफ्ट मोज. आणि 6205 मधल्या शेवटच्या 05 ला पाचनं गुणलं की आतला व्यास का मिळतो, हे वडिलांना माहीत नसेल तर तू त्यांना सांग. (बहुतेक त्यांना माहीत असेल.)

पगाराचा आकडा आपण होऊन सांगू नकोस. आधी विचार : शिफ्ट कुठली, बस आहे का, कॅन्टीनचे किती कापतात, हातात किती येतील. सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणून जो मोठा आकडा सांगतात त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. खोलीभाडं आणि मेस यांचा हिशोब करून कितीच्या खाली चालणार नाही, एवढं मनाशी ठरवून जा.

त्या कन्सल्टन्सीवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस. माणसं मिळवून द्यायचे पैसे आमची कंपनी कन्सल्टन्सीला द्यायची, उमेदवारानं नाही.

आणि एक. रात्रभर गाडीत बसून सकाळी तसाच मुलाखतीला जात असशील तर ते बंद कर. आदल्या दिवशीच ये, कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम कर. चाकणला सकाळी 9 ची वेळ असेल तर तळेगाव चौकातल्या वाहतूक कोंडीसाठी तासभर जास्तीचा धर.