ॲपल वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात उतरणार का? वडिलांना बीपी आहे, मशीनऐवजी घड्याळच घेऊ का?

उतरणार कसली, कधीचीच उतरली आहे. २०१८ मध्ये सिरीज ४ घड्याळात ईसीजी आला, तो एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेची, मान्यता घेऊनच. २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ या इयरफोनना श्रवणयंत्र म्हणून मान्यता मिळाली, २०२५ मध्ये घड्याळातल्या बीपीच्या सूचनेला.

मी परळच्या एका हॉस्पिटलात ईसीजी काढते. आमच्या वॉर्डातली मशिन्स विकण्यात ॲपलला रस आहे असं मला वाटत नाही. लोकांच्या हातात आधीच असलेल्या वस्तूत सॉफ्टवेअरने एकेक मान्यता जोडत जायची, हा त्यांचा रस्ता. त्यांचं गिऱ्हाईक आजारी माणूस नाही, ज्याला आपला आजार अजून कळलेला नाही तो आहे.

तुमचे वडील त्यात बसत नाहीत. बीपीची सूचना ३० दिवसांच्या नोंदी पाहून फक्त शंका सांगते, आकडा देत नाही. निदान आधीच झालेल्यांसाठी ती नाहीच. सूचना आली तर दंडाला पट्टा बांधायच्या मशीनवर ७ दिवस बीपी मोजा, असं ॲपल स्वतःच सांगते! तेव्हा मशीनच घ्या, आणि पट्टा वडिलांच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते दुकानातच बघा. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त येतो.

ईसीजीचंही नीट समजून घ्या. आम्ही छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावतो, तेव्हा बारा लीड, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणाऱ्या रेघा, मिळतात. छातीवर केस असले तर ते काढायचे, घाम पुसायचा, पुन्हा जेल लावायचं. जिना चढून धापा टाकत आलेल्याला आधी बसवायचं, कारण जरा हललं की रेघ थरथरते. घड्याळावर बोट ठेवून ३० सेकंदांत एकच लीड येते. तरी तिची मला कदर आहे. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची एक प्रकारची अनियमितता, पुष्कळांना येते आणि जाते. पेशंट माझ्या टेबलावर येईपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात. मनगटावरचं घड्याळ नेमकं त्या वेळी हजर असतं. अशी नोंद कोणी पीडीएफ करून आणली की डॉक्टर ती नीट बघतात.

शुगरचं म्हणाल तर सुई न टोचता ती मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. स्वस्त घड्याळांवर दिसणाऱ्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस कृपा करून ठरवू नका.

पुढे कधी घड्याळ घेतलंत तर वडिलांना एक गोष्ट पक्की सांगा: त्याला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना स्क्रीनवर ठोके नियमित दिसले तरी थांबायचं नाही, लगेच १०८ लावायचा.