वाचकांचे प्रश्न : कुतच्या वाटेवरची तेरावी डिव्हिजन

प्र. माझे पणजोबा ११० मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि कुतच्या वेढ्यात सापडले. घरात आजही म्हणतात, "सोडवायला गोऱ्यांची ताज्या दमाची फौज आली होती, पण तिने हातपायच हलवले नाहीत." ही फौज कोणती? – एक वाचक, सातारा

उ. ती १३ वी (वेस्टर्न) डिव्हिजन, पहिल्या महायुद्धात किचनरने उभारलेल्या स्वयंसेवकांच्या 'नव्या सेने'तली. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेली पूर्णपणे ब्रिटिश अशी ही एकच डिव्हिजन. हातपाय हलवले नाहीत हे खरं नाही आणि 'ताज्या दमाची' हे तर मुळीच नाही. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

जनरल टाउनशेंड यांची ६ वी (पूना) डिव्हिजन डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात तैग्रिस नदीकाठच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. आधीचे सुटकेचे प्रयत्न फसल्यावर १३ वी डिव्हिजन इजिप्तहून बसऱ्याला आणली. मार्चअखेर ती नदीने वर शेख सादजवळ जमली. तैग्रिसच्या डाव्या काठावर तुर्कांच्या एकामागोमाग तीन फळ्या होत्या : हन्ना, फलाहिया आणि सन्नैयात. डावीकडे नदी, उजवीकडे सुवैकियाची दलदल, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. वळसा घालायला जागाच नव्हती, समोरूनच जावं लागे. त्यातच एप्रिलमध्ये डोंगरांतलं बर्फ वितळून नदीला पूर येई, आणि वारा उत्तरेकडून सुटला की दलदलीचं पाणी थेट खंदकांत शिरे.

५ एप्रिलला पहाटे ४.५५ ला १३ वी हन्नावर चालून गेली, तर खंदक जवळजवळ रिकामे. तुर्क आधीच मागे सरकले होते. रात्रीपर्यंत फलाहियाही पडलं. ६ तारखेला ७ व्या डिव्हिजनचा सन्नैयातवरचा हल्ला फसला, म्हणून ९ तारखेला पहाटे पुन्हा १३ वी पुढे. माणसं उघड्यावर पडून गारठलेली. तुर्कांनी प्रकाशबाण सोडले आणि गोळीबार सुरू झाला. पहिली रांग तुर्की खंदकात उतरली, पण मागची रांग बिचकून फिरली. आत शिरलेल्यांना पाठीमागून आधार न मिळाल्यामुळे ते तिथेच मारले गेले किंवा बाहेर रेटले गेले.

आमच्या मते खरी अडचण मात्र आणखी मागे, बसऱ्यात होती. बंदरात धड धक्का नव्हता आणि नदीत चालणाऱ्या बोटी तुटपुंज्या होत्या. तोफा, दारूगोळा, औषधं खाली साचून राहत आणि आघाडीवर माणसं आधी पोचत. शेवटचा उपाय म्हणून २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद भरून 'जुलनार' ही आगबोट कुतकडे सोडली, तीही मागासीसपाशी अडकून शत्रूच्या हाती लागली. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि १३ हजारांवर माणसं कैद झाली. सुटकेच्या प्रयत्नांत जखमी-मृतांचा आकडा त्याहून मोठा, सुमारे २३ हजार.

कागदपत्रं शोधताना लक्षात ठेवा : १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३ री बटालियन झाली. त्यानंतरच्या नोंदी त्या नावाखाली मिळतील.

प्र. गॅलिपोलीत ही डिव्हिजन नवखी म्हणून कापली गेली, असं वाचलं. खरं का? – एक वाचक, नाशिक

उ. अर्धंच खरं. जुलै १९१५ मध्ये ती तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाला, हेलेसला उतरली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला रातोरात तिथल्याच अन्झॅकच्या किनाऱ्यावर हलवली गेली. ८ ऑगस्टला पहाटे न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बटालियनने चुनुक बैरचा माथा गाठला. तिच्या मदतीला या डिव्हिजनच्या दोन पलटणी गेल्या : ७ वी ग्लॉस्टरशायर आणि ८ वी वेल्श. जमीन खडकाळ, त्यामुळे खंदक जेमतेम हातभर खोल. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून मारा आणि प्यायला पाणी नाही. ग्लॉस्टरशायरचा एकूण एक अधिकारी पडला, तरी उरलेले दुपारपासून सूर्यास्तापर्यंत लढत राहिले. याला नवखेपणा म्हणायचं कसं?

घात झाला तो १० तारखेला. थकलेल्यांच्या जागी रात्री ६ वी लॉयल नॉर्थ लँकेशायर आणि ५ वी विल्टशायर आणली. विल्टशायर अंधारात उशिरा पोचली आणि माथ्याखालच्या खोलगट जागेत विसावली. उजाडता उजाडता तुर्की सेनानी मुस्तफा कमालने मोठा हल्ला चढवला आणि दोन्ही पलटणी वाहून गेल्या. ३८ व्या ब्रिगेडचे प्रमुख बाल्डविन त्याच दिवशी ठार झाले. सरसेनापती हॅमिल्टन यांच्या अहवालात हिशेब आहे : १०,५०० पैकी ६,००० गमावले आणि १३ कमांडिंग ऑफिसरांपैकी १० कामी आले किंवा निकामी झाले. पुढे नोव्हेंबरात गॅलिपोलीतल्याच सुवलाला वादळ, पूर आणि हिमदंश. कुतच्या वाटेवर आलेली फौज ही अशी होती, भरतीच्या नव्या पोरांनी ठिगळं लावलेली.

प्र. 'स्वयंसेवक' म्हणजे बिनपगारी का? आणि टेरिटोरियल वेगळे कसे? – एक वाचक, बेळगाव

उ. पगारी. साध्या शिपायाला रोज एक शिलिंग. स्वयंसेवक एवढ्याच अर्थाने की सक्ती नव्हती. ब्रिटनचे युद्धमंत्री किचनर यांनी ७ ऑगस्ट १९१४ ला एक लाख माणसं मागितली : वय १९ ते ३०, मुदत तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत. ३ सप्टेंबरला एका दिवसात ३३,२०४ जणांनी नावं नोंदवली. गर्दी आवरेना म्हणून ११ सप्टेंबरला किमान उंची ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ इंच केली. टेरिटोरियल हे युद्धाआधीचे हौशी शिपाई, मूळ काम मायदेशाचं रक्षण. परदेशी जायला त्यांची लेखी संमती लागे. त्यांच्या तीन डिव्हिजन १९१४ च्या अखेरच्या महिन्यांत हिंदुस्थानकडे निघाल्या. नव्या सेनेची बटालियन ओळखायची ती नावातल्या 'सर्व्हिस' शब्दावरून, निव्वळ आकड्यावर जाऊ नका. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, तेव्हा १९१७ ला बगदादमध्ये शिरलेल्या १३ व्या डिव्हिजनला सरसकट 'स्वयंसेवक' म्हणणं तितकंसं बरोबर नाही.

प्र. ॲटली आणि स्लिम दोघंही याच डिव्हिजनमध्ये होते? – एक वाचक, डोंबिवली

उ. हो. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ॲटली ६ व्या साउथ लँकेशायरमध्ये, पुढे फील्ड मार्शल झालेले स्लिम ९ व्या रॉयल वॉरिकशायरमध्ये. ॲटली हन्नाला जखमी झाले, म्हणून सन्नैयातला नव्हते.

प्र. जुन्या बाजारात एक चांदीचं पदक मिळालं. कडेवर नंबर, नाव आणि नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंटची अक्षरं आहेत. या डिव्हिजनचं असेल का? – एक वाचक, पुणे

उ. असेलही, पण घाई नको. वर्णनावरून हे बहुधा पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. पायदळाच्या पदकांच्या कडेवर सहसा रेजिमेंटच असते, बटालियनचा आकडा नसतो. या रेजिमेंटची ७ वी बटालियन १३ व्या डिव्हिजनमध्ये होती, पण २ री युद्धभर हिंदुस्थानातच होती. पुण्यात मिळालेलं पदक तिच्या माणसाचं असण्याची शक्यता चांगलीच.

आधी पदक खरं का ते पाहा. व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा. कुठे कमी भरला, तर जुनं नाव कानशीने घासून नवं घातलेलं असू शकतं. अक्षरं ठशाने दाबलेली हवीत, सुईने कोरलेली नकोत. कड तिरक्या उजेडात धरून फोटो काढा. चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि किंमतही उतरते.

मग लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर पदकांच्या इंडेक्स कार्डांत (मालिका डब्ल्यूओ ३७२) नाव आणि नंबर जुळवा. नावं सारखी असतात, म्हणून नंबरच महत्त्वाचा. कार्डावरचे संदर्भ घेऊन मेडल रोल (डब्ल्यूओ ३२९) पाहा, बटालियन तिथे सापडते. कार्डावर १९१४-१५ स्टार हे पदक असेल, तर माणूस १९१५ संपण्याआधी रणभूमीवर होता, म्हणजे ७ व्या बटालियनचा असल्यास बहुधा गॅलिपोलीत. स्टार नसून वॉर आणि व्हिक्टरी अशी दोन पदकांची जोडी असेल, तर तो नंतर आला. नुसतंच वॉर मेडल असेल, तर पारडं २ ऱ्या बटालियनकडे झुकतं. सेवापत्रिका मिळेलच असं नाही. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात शिपायांच्या निम्म्याहून अधिक पत्रिका जळाल्या. बटालियनची युद्धदैनंदिनी मात्र डब्ल्यूओ ९५ मध्ये आहे. तिच्यात साध्या शिपायांची नावं क्वचितच येतात, पण तारखा आणि जागा नेमक्या मिळतात.