आठ महिन्यांचे घर आणि नाशिकचे डोंगर

प्रश्न : यजमानांची सातपूरच्या कारखान्यात आठ महिन्यांसाठी नेमणूक झाल्याने आम्ही जूनच्या आरंभी अकोल्याहून नाशिकला आलो आणि म्हसरूळला दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. फेब्रुवारीत परतायचे असल्यामुळे निम्मी खोकी अजून बांधलेलीच आहेत. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. रोज चालण्याची सवय आहे. मात्र डोंगराचा अनुभव अकोल्याजवळच्या नरनाळा किल्ल्यापलीकडे नाही आणि उतरताना माझे गुडघे कुरकुर करतात. शेजारची मंडळी भ्रमणध्वनीवर हरिहर गडाच्या पायऱ्यांची चित्रफीत दाखवून ‘येत्या रविवारीच चला’ म्हणतात. घर किती मांडावे आणि डोंगरांची सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घराचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. स्वयंपाकघर पूर्ण मांडावे, बाकीचे बांधलेले राहिले तरी बिघडत नाही. मिसळणाचा डबा, कुकर आणि पोळपाट खोक्यात ठेवून रोज बाहेरून डबा मागवणाऱ्या कुटुंबाला ते गाव शेवटपर्यंत परकेच वाटत राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे. न उघडलेली खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा विटांवर चढवून ठेवा, कारण अकोल्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना इथल्या पावसाळ्यातील ओल श्रावणापर्यंत ध्यानातच येत नाही. भाडेकरार मुदतीचा असला तरी तो नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, परंतु प्रत मात्र मागून घ्यावी, कारण गॅसच्या जोडणीपासून पोलिसांकडील भाडेकरूच्या नोंदीपर्यंत ती लागते.

आता डोंगर. आपण घर कोठे घेतले आहे याची आपल्याला बहुधा पुरती कल्पना आलेली नाही. म्हसरूळच्या पाठीशी चांभार लेण्यांचा डोंगर उभा आहे. जैनांचे गजपंथ हे सिद्धक्षेत्र तेच, आणि वर लेण्यांपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत. गाडी काढायला नको, सुट्टीची वाट पाहायला नको, सकाळचा चहा घेऊन निघावे आणि न्याहारीच्या वेळेला घरी यावे, असा डोंगर फार थोड्या शहरांत दारात मिळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की जून आणि जुलै हे दोन महिने आपण हाच एक डोंगर आठवड्यातून तीन-चार वेळा चढावा आणि दूरच्या गडांची नावे तूर्त बाजूला ठेवावीत. गुडघ्यांना सवय होते ती अशा नेमाच्या चढउताराने. महिन्यातून एकदा दमून येण्याने ती होत नाही. उतरताना लहान पावले टाकावीत, पायरीवर धप्पकन भार देऊ नये आणि हातात काठी असावी. काठी घेण्यात कमीपणा मानणारी तरुण मंडळी वाटेत भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

पायांत बळ आले की पेठ रस्त्याने आशेवाडीला जाऊन रामशेज पाहावा. गड उंचीने बेताचा, एकटाच उभा, वाटेत गुहेतील राममंदिर आणि पुढे पायऱ्या. खालून पाहिल्यावर हा गड औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षे दाद देत नव्हता यावर विश्वास बसत नाही. १६८२ मध्ये वेढा पडला आणि शिहाबुद्दीन खानासारखा मातब्बर सरदार तेथून हात हलवीत परतला. माथ्यावर चारी बाजूंनी मोकळे रान दिसते, तेव्हा गडकऱ्यांना खालची प्रत्येक हालचाल कशी कळत असेल, हे न सांगता समजते.

त्र्यंबकची डोंगररांग मात्र शहराच्या पावसावरून जोखू नका. म्हसरूळला नुसती भुरभुर असते तेव्हा तिकडे धो धो कोसळत असतो. अंजनेरीच्या पठारावर एकदा धुके उतरले की दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते. म्हणून अंजनेरी भाद्रपदात, पाऊस उघडीप देऊ लागल्यावर करावी. शहरापासून ती विसेक किलोमीटरवर आहे आणि त्र्यंबकेश्वरला जाणारी बस अंजनेरी गावाच्या फाट्यावर सोडते. कातळाच्या खिंडीतील पायऱ्या आणि तेथील लहानसे लेणे ओलांडले की विस्तीर्ण पठार लागते, त्यावर अंजनीमातेचे मंदिर आहे. या दिवसांत पठार रानफुलांनी भरते. २००६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली आणि याच डोंगराचे नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात इथलीच आहे. ती दिसली तर खाली बसून पाहावी, फूल तोडू नये आणि छायाचित्रासाठी गवत तुडवीत वाटेबाहेर जाऊ नये. पठारावर आपल्याला पुरे वाटले, तर तेथूनच मागे फिरण्यात काहीही गैर नाही. ब्रह्मगिरीसाठी श्रावणातले सोमवार टाळा. विशेषतः तिसऱ्या सोमवारी प्रदक्षिणेला इतकी गर्दी लोटते की डोंगर पाहणे होत नाही.

राहिला शेजाऱ्यांचा हरिहर. त्याच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या कातळात खोदलेल्या असून हाताच्या आधारासाठी दोन्ही बाजूंना खोबणी आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातील गड घेतल्यावर पुष्कळ ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, इथल्या वाचल्या. वाट अरुंद आहे, चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात, आणि पावसात कातळावर शेवाळ धरते. रविवारी तेथे जाणे मला कोणत्याच महिन्यात पसंत नाही. दिवाळीनंतर, कातळ कोरडा झाल्यावर, आडवारी यजमानांनी एक दिवस रजा टाकावी आणि निरगुडपाड्याहून भल्या सकाळी चढावे. उतरताना तोंड कातळाकडे ठेवून शिडी उतरतो तसे उतरायचे असते. पहिल्या टप्प्यावर पाहून मन कचरले तर खालूनच परत यावे, शेजाऱ्यांना काय सांगायचे ते नंतर पाहता येईल.

डिसेंबर-जानेवारीत कळसूबाई जमेल. घोटीमार्गे बारी गावी जावे, पहाटे चढाई सुरू करावी. अवघड जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. १६४६ मीटरचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच असले तरी त्याची परीक्षा दमसासाची आहे, हरिहरसारखी उंचीच्या भयाची नाही. त्यामुळे आपल्या नेमाच्या चालीला ते अधिक मानवेल. बागलाणातील साल्हेर, म्हणजे १६७२ च्या मोठ्या लढाईचा आणि २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेला गड, हा मुक्कामाचा बेत आहे. फेब्रुवारीत खोकी बांधायच्या धांदलीआधी दोन दिवस मोकळे निघाले तरच तो धरावा.

बुटांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घ्या आणि ओले होऊन आले की आतले सुटे तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोनदा बदला. कपाटात ओले ठेवलेले बूट इथे चार दिवसांत बुरशी धरतात. रविवारी निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हापर्यंत परतणार, हे घरमालकांना सांगून जात जा.