भट्टीपेक्षा नळ्यांकडे पाहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा दोनदा वाचला. अणुपाणबुड्यांच्या शर्यतीचा कालक्रम तू नीट लावला आहेस. परंतु अमेरिका दक्ष म्हणून निभावली आणि सोव्हिएत संघ घाईने फसला, हे अनुमान मला उतावळेपणाचे वाटते.

घाई अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पाचे प्रमुख हायमन रिकोव्हर यांनाही होतीच. ती त्यांनी कुठे केली नाही, ते पाहा. ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी अमेरिकेतील ग्रॉटनच्या गोदीत बांधली जात असतानाच तिच्या अणुभट्टीचा पूर्ण आकाराचा नमुना आयडाहोच्या वाळवंटात, पाणबुडीच्याच पोलादी कवचात बसवून १९५३ मध्ये चालवला गेला, आणि अटलांटिक ओलांडण्याइतका पल्ला त्याने जागच्या जागी कापला. इंधनाच्या आवरणासाठी निवडलेल्या झिर्कोनियम धातूमध्ये, विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळणारे हाफ्नियम मिसळलेले असते. ते खटपटीने वेगळे काढले आणि पुढे भट्टीला आवर घालणाऱ्या नियंत्रक कांड्या त्याच्याच केल्या. (मला हा भाग ‘नॉटिलस’च्या उत्तर ध्रुवाखालच्या सफरीहून अधिक भावतो.) १७ जानेवारी १९५५ रोजी ‘नॉटिलस’ अणुशक्तीवर निघाली, ती या तयारीच्या जोरावर.

मात्र नमुना भट्टी सोव्हिएत शास्त्रज्ञांनीही ओब्निन्स्कला चालवली होती. तुझ्या मसुद्यात तिचा उल्लेखच नाही. ४ जुलै १९६१ रोजी ‘के-१९’ या सोव्हिएत अणुपाणबुडीच्या एका भट्टीतील शीतकरणाचा दाब कोसळला, तेव्हा पाणी पुरवणारी पर्यायी व्यवस्था बोटीवर नव्हती. खलाशांनी किरणोत्साराने भरलेल्या कप्प्यात आळीपाळीने शिरून हाताशी होत्या त्या नळ्या जोडल्या. भट्टी निवली, पण आठ जण काही आठवड्यांतच दगावले.

यानंतर लगेच ‘थ्रेशर’ ही अमेरिकी अणुपाणबुडी घे. १० एप्रिल १९६३ रोजी ती १२९ माणसांसह खोल पाण्यात बुडाली. चौकशीने निष्कर्ष काढला तो असा, की इंजिनकक्षातील समुद्रजलाच्या नळीचा जोड बहुधा निकामी झाला आणि विजेच्या बिघाडाने भट्टी बंद पडली. गोदीत चांदीमिश्रित ब्रेझिंगच्या (म्हणजे मिश्रधातू वितळवून सांधलेल्या) १४५ जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी आधीच झाली होती. त्यांतले सुमारे १४ टक्के निकृष्ट ठरले होते, आणि उरलेले हजारो जोड न तपासताच बोट समुद्रात गेली. बोट वर आणण्यासाठी टाक्यांतले पाणी बाहेर ढकलणारी दाबाखालची हवाही अडली असावी, कारण तिच्यातल्या बाष्पाचा गाळणीवर बर्फ होतो, हे तिच्याच वर्गातील दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्याला बांधून केलेल्या चाचणीत पुढे दिसले.

प्रकरण तिसरे या गाळणीपासून पुन्हा लिहून पाठव.