पोषण आहारात शाळेचीच सेंद्रिय भाजी : नव्या शिक्षकांसाठी

आधी गरज मोजा. पहिली ते पाचवीला रोज मुलामागे ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे पाचवीपर्यंतची ६० मुलं असतील तर रोज ३ किलो. एवढी सगळी परसबागेतून निघेल असं धरून बाजारची भाजी बंद करू नका. आठवड्यातून दोन दिवस जमलं तरी सुरुवात उत्तम.

नवखे हमखास चुकतात ते पेरणीत. सगळी मेथी-पालक एकाच दिवशी पेरतात, मग महिन्याभरात एकदम ढीग आणि नंतर रिकामे वाफे. वाफ्याचे चार भाग करा, दर आठवड्याला एकच पेरा. कडेला शेवगा आणि कढीपत्ता लावाच. मे महिन्याच्या सुट्टीत पालेभाजी जळते, रुजलेला शेवगा तग धरतो.

खत पूर्ण कुजलेलंच घाला. ताज्या शेणाने हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते, शिवाय त्यातले जंतू पानांवर येतात. मुलांच्या ताटाशी हा धोका नकोच. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दिसला की ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. पानांच्या खालच्या बाजूला, कारण मावा तिथेच बसतो.

भाजी सकाळी खुडा, आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, मगच चिरा. आणि स्वयंपाकीताईंना पेरणीआधीच विचारा. निवडायला वेळ खाणारी भाजी त्यांच्यावर लादली तर ती पातेल्यापर्यंत पोहोचणारच नाही.