'सेमेटिकविरोध', 'यहुदीविरोध' की 'ज्यूद्वेष'?

जर्मनीच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना तुम्ही अडलात आणि विचारलंत : 'अँटिसेमिटिझम'ला, म्हणजे ज्यूंच्या द्वेषाला, 'सेमेटिकविरोध' हा प्रतिशब्द चालेल का? त्याला जोडून दोन शंकाही काढल्यात. आपल्याकडे ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांना 'सेमेटिक धर्म' म्हणतात, मग ख्रिस्ती माणूस सेमेटिकविरोधी कसा असेल? आणि नाझी तर चर्चलाही पाण्यात पाहत होते, मग लेखक ख्रिस्ती आणि नाझी अँटिसेमिटिझम एकाच वाक्यात कसे घालतो?

'सेमेटिकविरोध' लिहू नका, हे आधी सांगून टाकतो. कारण सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल. तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर त्या शब्दाच्या जन्मकथेतच आहे.

'सेमेटिक' हा मुळात भाषेबद्दलचा शब्द. बायबलमधल्या नोहाचे तीन मुलगे शेम, हाम आणि याफेथ. त्यांतल्या शेमच्या नावावरून श्लोत्सर या जर्मन विद्वानाने 1781 मध्ये हे विशेषण वापरलं. हिब्रू, अरबी, अरामी, पुढे अम्हारिक, अशा एका कुळातल्या भाषांना ते लागतं. भाषा सेमेटिक असते. माणूस सेमेटिक असणं हे एकोणिसाव्या शतकातलं खूळ. 'सेमेटिक धर्म' हा मराठी वैचारिक लेखनात रुळलेला वापर त्याहून वेगळा, आणि त्याचा 'अँटिसेमिटिझम'शी काही संबंध नाही. तिन्ही धर्मांच्या विरोधात असलेल्या माणसाला त्या नावाने कुणी कधी ओळखलं नाही. अरबांचा द्वेष करणाऱ्यालाही नाही. जेरुसलेमचे अरब मुफ्ती 1941 च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनला हिटलरला भेटले, तेव्हा त्यांची मातृभाषा सेमेटिक आहे याची कुणाला अडचण झाली नाही. हा शब्द पहिल्यापासून फक्त ज्यूंवर रोखलेला आहे.

मग सरळ 'ज्यूंचा द्वेष' असं का म्हटलं नाही? जर्मनमध्ये तसा शब्द होता : युडनहास, म्हणजे शब्दशः ज्यूद्वेष. पण त्याला जुनाट वास येत होता, चर्चच्या व्यासपीठाचा आणि बाजारातल्या शिवीगाळीचा. विल्हेल्म मार या पत्रकाराला तो नको होता. 1879 मध्ये त्याने ज्यूंच्या तथाकथित विजयाबद्दल एक पुस्तिका काढली आणि मुखपृष्ठावर मुद्दाम छापलं, की हा विचार धर्मपंथाच्या दृष्टीतून केलेला नाही. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याची 'अँटिसेमाइट लीग' उभी राहिली आणि नवा शब्द तोंडोतोंडी झाला. विशेषणरूपात तो आधीही एकदा दिसतो. 1860 मध्ये मोरित्स श्टाइनश्नायडर या ज्यू विद्वानाने अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विद्वानाच्या पूर्वग्रहांवर टीका करताना तो वापरला होता. मारने मात्र तो अभिमानाने मिरवला. आम्ही अडाणी धर्मवेडे नाही, आम्ही शास्त्रीय बोलतो, असा त्यातला दावा. म्हणून आज अनेक अभ्यासक इंग्रजीत या शब्दातली जोडरेघ गाळतात. 'सेमिटिझम' नावाची वस्तूच जगात नाही, तर तिला विरोध कसला? 'सेमेटिकविरोध' लिहिलं की आपण मारने चढवलेला मुखवटा मराठीत जसाच्या तसा आणतो.

भाषेवर जीव असणाऱ्या माणसाला इथे वाईट वाटतं ते आणखी एका गोष्टीचं. समोरच्या पक्षाला जो शब्द मिळाला, तो आपल्या घरचा. 'आर्य' हाही भाषाकुळाच्या अभ्यासातून उचललेला, संस्कृतातून गेलेला. नातं भाषांचं होतं, ते रक्ताचं म्हणून खपवलं गेलं.

आता ख्रिस्ती बाजू. मार 'धर्माचा संबंध नाही' म्हणत होता, त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी आडोल्फ श्ट्योकर हा राजदरबारचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक ज्यूंविरुद्ध राजकीय सभा घेत होता. त्याच्या पक्षाचं नावच ख्रिस्ती-सामाजिक. म्हणजे नव्या शब्दाच्या पाळण्याशेजारी जुना द्वेष उभा होताच. आणि तो फार जुना. येशू स्वतः ज्यू, त्याची आई ज्यू, शिष्य ज्यू. पण योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या विरोधकांना वारंवार सरसकट एकच शब्द लावलेला आहे, ग्रीकमध्ये 'युदाइओइ', आपल्या मराठी बायबलमध्ये 'यहूदी'. मूळ शब्दाचा अर्थ 'यहूदीयातले लोक' असाही होतो. काही जागी तो फक्त यरुशलेमच्या पुढाऱ्यांना उद्देशून असावा असं अनेक अभ्यासक मानतात. घरातलं भांडण होतं ते. ऐकणारे बदलले, ज्यू नसलेले ख्रिस्ती ते वाचू लागले, तेव्हा तोच शब्द एका अख्ख्या जनसमूहावर आरोप होऊन बसला. त्यातून विश्वासघात करणाऱ्या शिष्याचं नाव यहूदा इस्कर्योत. मराठीत 'यहूदा' आणि 'यहूदी' शेजारी ठेवून पाहा. जर्मन कानाला 'युडास' आणि 'युडे' तसेच जुळे ऐकू येत.

दुसऱ्या शतकापासून 'यांनी देवाला मारलं' हा आरोप लिखित सापडतो. 386-87 मध्ये अंत्युखियात जॉन क्रिसोस्टम या नामवंत धर्मोपदेशकाने दिलेली प्रवचनं आजही वाचवत नाहीत. ती ज्यू सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना झापण्यासाठी होती, म्हणजे शेजारपाजारी येणंजाणं चांगलं चालू होतं, हेही त्यातूनच कळतं. कॅथलिक चर्चच्या 1215 च्या लॅटरन धर्मसभेने ज्यूंनी वेगळा पेहराव करावा असं फर्मावलं. नाझींनी सप्टेंबर 1941 मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना पिवळा तारा सक्तीचा केला, तेव्हा युरोपने असलं काही पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना 'पेर्फिदी' म्हटलं जाई. पंडितांच्या लेखी त्याचा अर्थ 'श्रद्धा न ठेवणारे'. पण युरोपच्या बोलीभाषांत तोच शब्द 'कपटी, विश्वासघातकी' या अर्थाने रुळला, आणि लोकांनी दरवर्षी त्याच अर्थाने तो ऐकला. तो काढायला 1959 साल उजाडलं. पोप तेविसावे जॉन यांनी तो काढला. मग 28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही. त्याआधी साठ लाख माणसं मारली गेली होती.

या धार्मिक विरोधाला नाझींच्या वंशद्वेषापासून वेगळं काढायची अभ्यासकांची नेहमीची कसोटी म्हणजे बाप्तिस्मा. तो घेतल्यावर द्वेष थांबत असेल, तर तो धर्माला विरोध. त्यानंतरही थांबत नसेल, तर तो वंशाचा द्वेष. कसोटी चांगली आहे, मी स्वतः ती वापरतो. पण तिची भिंत करू नका, कारण ती नाझींच्या कितीतरी आधी फुटलेली आहे. 1449 मध्ये स्पेनच्या टोलेडो शहराने नियम केला, की ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांना अधिकारपदं मिळणार नाहीत. 'रक्तशुद्धी' हा शब्दप्रयोग तिथला. पोर्तुगालमध्ये 1497 ला सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना 'नवख्रिस्ती' म्हणत, आणि हा 'नव' पिढ्यान्पिढ्या जुना होत नसे.

याची एक खूण गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता हा नवख्रिस्ती वैद्य गोव्यात राहिला, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं, 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपा यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं. 1580 मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली. गोव्याचं इन्क्विझिशन आपल्याला आठवतं ते स्थानिक लोकांच्या छळासाठी, आणि ते बरोबरच आहे. पण 1560 मध्ये ते आलं, तेव्हा त्याच्या नजरेसमोर नवख्रिस्ती होते.

प्रोटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्याबद्दल तुमच्या लेखात एकच ओळ आहे, ती अपुरी आहे. 1523 मध्ये त्याने येशू जन्माने ज्यू होता हे ठासून लिहिलं आणि ज्यूंना प्रेमाने वागवा म्हटलं. मनात आशा अशी, की ते आता ख्रिस्ती होतील. ते झाले नाहीत. 1543 मध्ये त्यानेच सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळा, घरं पाडा, प्रार्थनापुस्तकं काढून घ्या असा सल्ला राज्यकर्त्यांना दिला. 9-10 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीतली सिनेगॉग पेटली, तेव्हा थुरिंगियाचे बिशप मार्टिन सासे यांनी ल्यूथरचे उतारे छापून काढले आणि ल्यूथरच्या वाढदिवशी, 10 नोव्हेंबरला, सिनेगॉग जळत आहेत असं समाधानाने लिहिलं. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी प्रचारक युलिउस श्ट्रायखर म्हणाला, की आज ल्यूथर असता तर तोही माझ्याजागी आरोपी असता. गुन्हेगाराने बचावासाठी पुढे केलेलं हे नातं जसंच्या तसं मानायचं कारण नाही. ल्यूथरला ज्यूंनी ख्रिस्ती व्हायला हवं होतं, श्ट्रायखरला ते नाहीसे व्हायला हवे होते.

हिटलरला हा फरक नीट ठाऊक होता. व्हिएन्नाच्या ख्रिस्ती-सामाजिक पक्षावर त्याने आपल्या पुस्तकात टीका केली ती हीच, की त्यांचा विरोध धर्मावर उभा आहे, म्हणून बाप्तिस्म्याचं थोडं पाणी डोक्यावर पडलं की ज्यू सुटतो. आणि त्याच पुस्तकात, ज्यूंशी लढताना मी प्रभूचंच काम करतो आहे, असंही तोच लिहितो. 1920 च्या नाझी कार्यक्रमातल्या 24 व्या कलमाने 'सकारात्मक ख्रिस्ती धर्मा'ची बाजू घेतली; तो कुठल्या पंथाचा हे सांगितलं नाही, 'ज्यू-भौतिकवादी वृत्ती'विरुद्ध आहे एवढं सांगितलं. 1941 मध्ये बोरमान या बड्या नाझी पुढाऱ्याने नाझीवाद आणि ख्रिस्ती धर्म एकत्र नांदू शकत नाहीत असं परिपत्रक काढलं. डाखाऊच्या छळछावणीत अडीच हजारांहून अधिक धर्मगुरू कोंडले गेले, त्यांत बहुसंख्य पोलिश कॅथलिक. तेव्हा तुमची दुसरी शंका बिनबुडाची नाही. फक्त तिच्या शेजारी हेही ठेवा, की 1939 च्या जनगणनेत सुमारे 95 टक्के जर्मनांनी आपली नोंद प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक अशी केली होती.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ज्यूंचं नागरिकत्व हिरावणाऱ्या 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांना 'ज्यू कोण' याची व्याख्या हवी होती. सगळी भाषा रक्ताची, पण रक्तात तर काही दिसत नाही. मग नोव्हेंबर 1935 च्या नियमात ठरलं : आजी-आजोबांपैकी किमान तिघे पूर्ण ज्यू असतील तो ज्यू, आणि आजी किंवा आजोबा ज्यू धर्मसमाजात असतील तर ते पूर्ण ज्यू. वंशाच्या शास्त्राचा शेवटचा खांब धर्माचीच नोंद निघाला! आपण 'आर्य' आहोत हे सिद्ध करायला लोक जात कुठे? गावच्या चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळायला. पाळकांनी ते दाखले लिहून दिले.

आणि ज्यांचं नाव त्या वह्यांत स्वतःच होतं, पण आजी-आजोबांचं नव्हतं? त्यांच्यासाठी 'आर्येतर ख्रिस्ती' असा शब्द निघाला. एडिट श्टाइन ही तत्त्वज्ञ ज्यू घरात जन्मली, 1922 मध्ये कॅथलिक झाली, पुढे कार्मेलाइट जोगीण. नेदरलँड्सच्या बिशपांनी 26 जुलै 1942 ला ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध वाचून दाखवला, त्याचा सूड म्हणून तिथल्या कॅथलिक ज्यूंना पकडलं, आणि 9 ऑगस्टला आउशवित्समध्ये तिला मारलं.

प्रोटेस्टंट चर्चमधल्या नाझीधार्जिण्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाने याहून पुढचं पाऊल टाकलं. 1939 मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यावर, जिथे ल्यूथरने नवा करार जर्मनमध्ये आणला तिथेच, चर्चजीवनातला ज्यू प्रभाव खुडून काढायची एक संस्था स्थापन झाली. तिने नवा करार छाटला आणि स्तोत्रांतून 'सियोन', 'होसान्ना', 'हालेलूया' हे हिब्रू शब्द पुसले. मार्टिन निमोलर, डीट्रिख बोनहोफर यांच्यासारखे पाळक विरोधात उभे राहिले, पण त्यांच्या बाजूच्या 1934 च्या प्रसिद्ध बार्मन जाहीरनाम्यातही ज्यूंचा उल्लेख नाही.

म्हणून प्रतिशब्दाबद्दल माझं म्हणणं असं. मराठीत या लोकांसाठी दोन शब्द आहेत. 'यहुदी' हिब्रूतून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला, 'ज्यू' लॅटिन-फ्रेंच फिरून इंग्रजीतून आलेला. अर्थ एकच. पण धर्मग्रंथाशी 'यहुदी'चं सख्य जास्त, वर्तमानपत्राशी 'ज्यू'चं. याचा फायदा घ्यावा. धर्ममताला विरोध असेल तिथे 'यहुदीधर्मविरोध', माणसांचा द्वेष असेल तिथे 'ज्यूद्वेष', मग तो क्रिसोस्टमचा असो की मारचा. 'विरोध' हा शब्द सौम्य आहे, मताला शोभतो. माणसांच्या बाबतीत तो वापरू नका. यासाठी मराठीत जुना शब्द सापडत नाही, त्यालाही कारण आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत, पेणला, रेवदंड्याला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शतकानुशतकं राहिले, त्यांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. वेगळेपणाला नाव मिळालं, द्वेषाला नाव लागावं अशी वेळ आली नाही.

तुमच्या लेखातलं ते वाक्य मी असं करीन : 'ख्रिस्ती ज्यूद्वेषावाचून नाझी ज्यूद्वेषाला जर्मनीत ऐकणारे मिळाले नसते, पण गॅस चेंबर त्या द्वेषातून आपोआप निघाले नाहीत.' मूळ लेखात नाझी ज्यूद्वेषाला ख्रिस्ती ज्यूद्वेषाचा 'वारस' म्हटलं आहे, तो शब्द मी टाळला. वारसा आपसूक मिळतो. इथे निवडून उचललेलं आहे.

आणि पुढच्या परिच्छेदात तुम्ही 'ज्यू प्रश्न' असं साधंच लिहिलंय, त्याला अवतरणचिन्हं हवीतच. तो नाझींच्या दप्तरातला शब्द आहे. प्रश्न ज्यूंचा नव्हता.