खांदेरी बेटावरची टेकडी साठीतल्या आईला चढवेल का?

गुडघे बरे असतील तर नक्की चढवेल. अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरीवर दोन टेकड्या आहेत, मध्ये खोलगट भाग आणि तिथेच धक्का. दीपगृह (१८६७ साली बांधलेलं) मोठ्या टेकडीवर आहे. उंची फारच थोडी, सावकाश गेलात तरी फार वेळ लागत नाही.

खरी कसोटी होडीतून उतरताना लागते. लाट होडीला वरखाली करते, तेव्हा आईचा हात तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्याच्या) हातात द्या, घाई करू नका. किनाऱ्यावरच्या थळ गावाहून होडी आदल्या दिवशीच ठरवा, भरती-ओहोटीची वेळही तांडेलालाच विचारा. पावसाळ्यात मुळीच जाऊ नका.

किल्ल्याच्या तटाबाहेरच्या ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पाय टाकू नका. तिथे घसरलात तर सावरायला काही हाताला लागत नाही. सावली कमी, म्हणून सकाळी लवकर निघा आणि पाणी बरोबर घ्या.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रजांशी झुंजत हा किल्ला बांधला, हे आईला वर बसून सांगा. कोळी बांधवांच्या वेताळाचं दर्शन घ्या. दगडाने वाजवला की धातूसारखा नाद देणारा खडकही बघा, पण हलक्या हाताने वाजवा.